आधी पाणी मोज, मग पंप घे

तीन कोटेशनं माझ्यापुढे टाकलीस आणि विचारलंस, "सर, यातला कोणता पंप घेऊ?" तिन्ही कागद दोनदा वाचले. ज्या भांड्याची चाचणी घ्यायची त्याचा उल्लेख एकावरही नाही. किती लिटरचं, कोणत्या दाबावर चालणार, पत्रा किती जाड, कार्बन स्टील की स्टेनलेस, दिवसाला किती नग, काही म्हणजे काही नाही. विकणाऱ्याने विचारलं नाही, कारण त्याला माल खपवायचा आहे. पण तुझ्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? अंबडला शेड घेतलीस, वेल्डर नेमलेस, ऑर्डरी आणल्यास, आणि हायड्रो टेस्टची वेळ आली तेव्हा किंमत बघून पंप निवडायला निघालास.

आयटीआयत 'वर्कशॉप कॅल्क्युलेशन' नावाचा विषय असतो, आठवतो का? त्या तासाला तुझं लक्ष खिडकीबाहेर असायचं. आता बाहेर बघू नकोस. कागद घे, पेन घे, आणि मी सांगतो तो हिशेब स्वतःच्या हाताने कर. मोबाइल खिशात ठेव.

तुझं भांडं ४० लिटरचं आणि चालायचा दाब १०० बार, एवढं तरी तू तोंडाने सांगितलंस. तेच धरू. चाचणीचा दाब किती? "दीडशे घेतो सर, सेफ साइडला." कुठून आणलास हा दीडशेचा आकडा? कुठल्या तरी जुन्या पुस्तकातला दीडपटीचा नियम उचललास. एएसएमई या अमेरिकन कोडच्या सेक्शन आठ, डिव्हिजन एकमध्ये दीडपट होतं, ते १९९९ मध्ये १.३ पट झालं. युरोपीय नियमांत १.४३ पटीचा आकडा येतो. आपल्याकडे अनफायर्ड भांड्यांसाठी १९६९ पासून आयएस २८२५ आहे. ग्राहकाच्या ऑर्डरवर कोणता कोड लिहिलाय ते आधी वाच. शिवाय भांडं तापलेलं चालणार असेल, तर थंड धातूची ताकद आणि गरम धातूची ताकद यांच्या गुणोत्तराने चाचणीचा दाब आणखी वाढवावा लागतो. हे सगळं न बघता मनाने दाब चढवणं म्हणजे सुरक्षितता नव्हे. ज्या वेल्डची परीक्षा घ्यायची तोच तू ताणून ठेवतोस, आणि भांडं नजरेला दिसेल इतकं वाकडं झालं तर निरीक्षक ते तिथेच नाकारू शकतो.

तर तुझ्या भांड्याला, साध्या तापमानाला, एएसएमईप्रमाणे १३० बार. हा आकडा पंपाच्या दुकानात नेला पाहिजेस. त्याच्या आधी मात्र दुसरा आकडा काढायचा असतो, आणि तो काढायचं तुझ्या डोक्यातही आलं नाही.

भांडं काठोकाठ पाण्याने भरलंय, हवा पूर्ण काढली आहे. आता शून्यावरून १३० बारवर जायला आणखी किती पाणी आत ढकलावं लागेल? गप्प का? "पाणी दबत नाही," असं शाळेत घोकलंस म्हणून? दबतं. फार थोडं, पण दबतं. पाण्याचा बल्क मॉड्युलस साधारण २२,००० बार. म्हणजे १३० बारला ते १३० भागिले २२,००० एवढ्या हिश्शाने आक्रसतं. ४० लिटरला हे होतात २३६ मिलीलिटर. भांडंही तेवढ्यात थोडं फुगतं. कवचातला ताण चौरस मिलिमीटरला १८० न्यूटन धरला, तर पोलादी नळकांड्याचं आकारमान हजारात साधारण १.७ हिश्शांनी वाढतं. त्याचे आणखी ७० मिली. बेरीज कर. तीनशे मिलीच्या आसपास. एवढंच पाणी! चाळीस लिटर पाणी साध्या नळाने किंवा वरच्या टाकीने भरायचं, आणि पंपाने ढकलायचं ते फक्त शेवटचं तीनशे मिली. हा आकडा कळला असता, तर तिन्ही कोटेशनं तू स्वतःच फाडली असतीस.

आता पहिला कागद बघू. गाड्या धुण्याचा पंप. दोनशे बार, मिनिटाला १५ लिटर, तिघांत सगळ्यात स्वस्त. स्वस्त बघून तुझे डोळे चमकले. भागाकार कर: मिनिटाला १५ लिटर म्हणजे सेकंदाला २५० मिली. तुला हवेत ३०० मिली. बटण दाबल्यापासून सव्वा सेकंदात तुझं भांडं १३० बारवर, आणि दीड सेकंद व्हायच्या आत १५० च्या पुढे. तुझा हात स्विचवरून उचलेपर्यंत काम तमाम. गेजचा काटा कुठे थांबला हे तुला नंतर कळणार, तेही तो वाकला नसेल तर. शांतपणे दहा मिनिटांत दाब चढवायचा म्हटलं, तर मिनिटाला ३० मिली पुरे. तू त्याच्या ५०० पट पाणी फेकणारा पंप घ्यायला निघालास. समईत तेल घालायला अग्निशमन दलाचा बंब बोलावतोस? वर त्या पंपात अनलोडर असतो. पुढची वाट बंद झाली की तो पाणी उलट टाकीकडे वळवतो. फवारणी थांबवायला ती सोय चांगली आहे. दाब टप्प्याटप्प्याने चढवायला आणि अर्धा तास धरून ठेवायला ती बनवलेलीच नाही.

दुसरा कागद याच्या बरोबर उलट. "सर, हजार बारचा घेऊन टाकतो, पुढे कामाला येईल." हवेवर चालणारा पंप, गुणोत्तर १:१५०, आणि सोबत हजार बारचा गेज. पुढचं पुढे. आज काय होईल ते बघ. या पंपात मोठ्या पिस्टनवर कॉम्प्रेसरची हवा ढकलते आणि छोटा प्लंजर पाणी दाबतो. क्षेत्रफळांचं जे गुणोत्तर, तितक्या पट दाब. १३० बार पाण्यासाठी तुला हवा लागणार ०.८७ बार. एवढ्या कमी हवेवर पंप धड चालतही नाही, अडखळतो. आणि रेग्युलेटर नुसता ०.१ बारने सरकला, तर पलीकडे पाणी १५ बारने उडी मारतं. त्यावर हजार बारचा गेज. १.६ वर्गाचा गेज असेल तर त्याला पूर्ण पट्टीच्या १.६ टक्के चूक मान्य असते, म्हणजे १६ बार. तू रजिस्टरमध्ये १३० लिहिणार, आत मात्र ११४ असतील किंवा १४६. अशा नोंदीवर सही करायला तुझा हात कसा उचलणार?

तिसऱ्या कागदावर पंपच नाही. नायट्रोजनचं सिलिंडर, रेग्युलेटर आणि होज. "पाणी भरा, काढा, वाळवा, ही कटकट वाचते सर." हे वाक्य पुन्हा माझ्या कानावर आलं तर तुला ओळख दाखवणार नाही. पाण्याने चाचणी का घेतात, हेच तुला कळलेलं नाही. १३० बारला चाळीस लिटर पाणी आणि ताणलेलं भांडं यांत मिळून साठलेली ऊर्जा साधारण दोन किलोज्यूल. म्हणजे एक टनाचा ठोकळा वीस सेंटीमीटर उचलायला लागते तेवढी. त्याच भांड्यात त्याच दाबाला वायू भरला, तर ती जवळजवळ एक मेगाज्यूल होते. तोच एक टनाचा ठोकळा शंभर मीटर वर! वेल्ड उघडला तर पाण्याच्या चाचणीत फटकन आवाज येतो, पाणी सांडतं, काटा पडतो, आणि तू शिव्या देत ग्राइंडर शोधतोस. वायूच्या चाचणीत शेडचे पत्रे उडतात आणि शेडमधली माणसंही. जिथे भांड्यात पाणी भरणंच शक्य नाही, किंवा पाण्याचा अंशही चालत नाही, तिथेच कोड वायूची परवानगी देतो. तीही १.१ पट दाबाला आणि जास्तीच्या तपासण्या करून. तुझ्या आळसासाठी ती सवलत ठेवलेली नाही.

तिन्ही कागद बाजूला ठेव. आता काय घ्यायचं ते ऐक, आणि प्रत्येक वेळी स्वतःला विचार: किती पाणी, किती वेळात, दिवसाला किती वेळा?

दिवसाला एक-दोन भांडी असतील आणि ती शंभर लिटरच्या आतली असतील, तर हातपंप घे. हसू नकोस. नाशिकमध्ये वाढलास, मायको सर्कलवरून रोज गेलास. मायको कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, कारखाना अजून डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनवतो. कुठल्याही डिझेल मेकॅनिककडे जा, टेबलावर नोझल टेस्टर दिसेल. एक दांडा, एक प्लंजर, एक गेज. जुन्या पद्धतीचं नोझल उघडायला पावणेदोनशे ते अडीचशे बार लागतात, आणि मेकॅनिक ते एका हाताने काढतो. दाब म्हणजे राक्षसी यंत्र, हा गैरसमज डोक्यातून काढून टाक. हिशेब बघ. प्लंजर १२ मिलिमीटरचा, फेरा ४० मिलिमीटरचा. एका फेऱ्यात साडेचार मिली. तीनशे मिलीला सदुसष्ट फेरे. शेवटी प्लंजरवर १५० किलोचा भार येतो, पण दांड्याचं गुणोत्तर १:१० असेल तर तुझ्या हाताला पंधरा किलोच. पाचशे बारची ऑर्डर आली तर प्लंजर ८ मिलिमीटरचा घे, हाताला साधारण सव्वीस किलो लागतील, फेरे वाढतील. फेरे वाढले तर बिघडत नाही. प्रत्येक फेऱ्यागणिक दाब चिमूटभर चढतो, हाताला तो कळतो, आणि हात थांबला की पंप थांबतो. दोन प्लंजरचा मिळाला तर उत्तम. मोठ्याने भर्रकन सुरुवात, छोट्याने सावकाश शेवट.

एक सूचना. हातपंप पाण्याचाच घे. जॅकचा हातपंप उचलून आणशील, मला माहीत आहे तुझी खोड. तो तेलासाठी असतो. पाणी घातलंस की आत गंजेल, सील जातील, आणि तेल घालूनच चाचणी केलीस तर पुढे वेल्ड दुरुस्त करताना तेलकट सांध्यावर टॉर्च लावावा लागेल. दोन्ही उद्योग नकोत.

दिवसाला वीस भांडी निघत असतील तर हातपंप म्हणजे त्या माणसाला तेराशे फेरे. संध्याकाळी तो फेरे मोजायचा बंद होईल, आणि गेज बघायचाही. तिथे हवेवर चालणारा पंप योग्य, पण तुझ्या कामाच्या गुणोत्तराचा. तुझा कॉम्प्रेसर सहा बार धरून देतो असं मानू. १:३६ गुणोत्तराचा पंप त्यावर जास्तीत जास्त २१६ बारला जाऊन थबकेल. १३० बारसाठी हवा लागेल साडेतीन-पावणेचार बार, म्हणजे रेग्युलेटरच्या पट्टीच्या मधोमध, जिथे तो नीट वागतो. ०.१ बारची चूक पलीकडे ३.६ बार होते, सोसवते. या पंपाचा गुण सांगतो: हवेचा जोर आणि पाण्याचा जोर सारखे झाले की तो आपोआप थबकतो, मोटर जळत नाही, ठिणगी नाही. पाणी थोडं झिरपलं तर एखादी ठोक मारून दाब भरतो. म्हणूनच दाब धरून ठेवण्याच्या वेळी तो झडपेने तोडून टाकायचा असतो, नाहीतर भांडं गळतंय आणि पंप गुपचूप भरपाई करतोय, असं होईल. त्याला हवा कोरडी आणि गाळलेली दे. पाण्याच्या बाजूलाही गाळणी लाव, वेल्डिंगची राख प्लंजरचं सील खाते.

मोटरवरचा तीन प्लंजरचा पंप कधी घ्यायचा? दहा हजार लिटरची टाकी असेल तेव्हा. त्याच दाबाला तिथे ७५ लिटर ढकलावे लागतात, पाइपलाइन असेल तर आणखी. त्याची ताकद काढायची रीत लिहून घे: बार गुणिले मिनिटाचे लिटर, भागिले ६००, मिळाले किलोवॅट. १३० बार आणि १५ लिटरला सव्वातीन किलोवॅट, वाया जाणारी धरून पाच एचपीची मोटर. तुझ्या तीनशे मिलीसाठी पाच एचपी! वीज वितरणवाल्यांना बरं वाटेल.

थोडक्यात, लहान भांड्याला जोरदार पंप लागत नाही. हव्या त्या आकड्यावर थांबवता येईल असा लागतो. कोटेशनवर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला बारचा आकडा तुझ्या उपयोगाचा नाही. एका फेऱ्याला किती मिली आणि तुझ्या दाबाला मिनिटाला किती मिली, हे बारीक अक्षरात असतं. ते वाचायची सवय लाव.

आणि पंप म्हणजे सगळी चाचणी असं समजू नकोस. तुझ्या पहिल्या दोन कोटेशनांत पंपाला हजारो रुपये आहेत, बाकीच्याला जवळजवळ शून्य. गेज दोन घे. एक भांड्याला जोडलेला, चाचणी घेणाऱ्याला दिसेल असा, दुसरा पंपाशी. पट्टी चाचणीच्या दाबाच्या दुप्पट, दीडपटीहून कमी नाही, चौपटीहून जास्त नाही. तुला २५० बारचा नेमका बसतो. कॅलिब्रेशनची तारीख गेजवर चिकटवलेली असू दे. पंप आणि भांडं यांच्यात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि त्यानंतर नीडल व्हॉल्व्ह. पंपाच्या आतल्या झडपांवर दाब धरायचा विश्वास टाकू नकोस. एक रिलीफ व्हॉल्व्ह, चाचणीच्या दाबाच्या थोडा वर बांधलेला आणि प्रत्यक्ष उघडून पाहिलेला. दाब सोडायला वेगळा व्हॉल्व्ह, सावकाश उघडणारा. भांड्याच्या सगळ्यात उंच बिंदूला हवा काढायचा मार्ग.

जोडणी बघ. बीएसपी आणि एनपीटी. अर्ध्या इंचाच्या दोन्ही आट्यांत इंचाला चौदाच धागे, त्यामुळे एकात दुसरी घुसते आणि तुला वाटतं बसली. एकीचा कोन ५५ अंश, दुसरीचा ६०. टेफ्लॉन गुंडाळून गळती थांबवशील, पण धागा अर्धाच धरलेला असतो आणि १३० बारला फिटिंग बंदुकीच्या गोळीसारखं सुटतं. होजवर दाब छापलेला असतो, वाच. त्याला दोन्ही टोकांना साखळीने बांध. आणि बार, किलो, पीएसआय, एमपीए यांचा गोंधळ शेडमधून हद्दपार कर. तुझा वेल्डर 'किलो' म्हणतो, गेज बार सांगतो, ड्रॉइंग पीएसआय. एक बार म्हणजे १.०२ किलो आणि १४.५ पीएसआय. बार-किलोच्या गल्लतीत दोन टक्के जातात, बार आणि एमपीएच्या गल्लतीत दसपट.

आता हवेबद्दल. भांडं भरताना तू घाई करणार आणि वर अर्धा लिटर हवा अडकवणार. परिणाम? त्या हवेला दाबायलाच आणखी जवळजवळ अर्धा लिटर पाणी लागेल, म्हणजे फेरे अडीचपट. वर ही हवा दाबाखाली हळूहळू पाण्यात विरघळते, काटा खाली येत राहतो, आणि तू गळती शोधत सगळ्या फ्लँजचे बोल्ट आवळत सुटतोस. गळती नसतेच. दाबाखाली बोल्ट आवळणं हा तर वेगळाच गुन्हा, त्यावर बोलतच नाही. भांडं थोडं तिरकं कर, खालून पाणी भर, वरून अखंड धार येईपर्यंत थांब, थोडा वेळ ठेव, पुन्हा हवा काढ. फेरे मोज. हिशेबाने सदुसष्ट आणि प्रत्यक्षात दोनशे झाले, तर थांब आणि हवा शोध. पाण्याचा हिशेब आधी काढायचा तो यासाठीही.

हवामानाचं भान ठेव. तू भांडं शेडबाहेर उन्हात ठेवतोस, कारण आत जागा नाही. बंद केलेल्या भांड्यात पाणी एक अंशाने तापलं, तर तुझ्या या ४० लिटरमध्ये दाब जवळजवळ चार बारने चढतो. पाणी पोलादापेक्षा जास्त फुगतं, आणि त्याला जायला जागा नसते. एप्रिलच्या उन्हात १३० बारवर बंद करून जेवायला गेलास आणि पाणी दहा अंशांनी तापलं, तर पंपाला हात न लावता १७० च्या घरात. माणसं नसताना भांडं तापण्याची शक्यता असेल तर चाचणीच्या दाबाच्या १.३३ पटीवर बांधलेला रिलीफ व्हॉल्व्ह लावा, असं कोड स्वतः सुचवतो. मी म्हणतो, माणसंच का नसावीत? दाब असेपर्यंत भांड्याला एकटं सोडायचं नाही. डिसेंबरात उलट संकट. निफाडला पारा पाच अंशांखाली जातो, तुझ्या टाकीतलं पाणीही गारठलेलं असतं. थंडीत कार्बन स्टील ठिसूळ वागू शकतं. भांडं ज्या किमान तापमानासाठी डिझाइन केलंय, त्यापेक्षा धातू चाचणीच्या वेळी १७ अंशांनी तरी उबदार हवा. नेमप्लेटवर तो आकडा असतो, तू तो फक्त खोदून घेतोस.

पाणी कुठलं? बोअरचं, फुकटचं. दिंडोरीच्या वायनरीचं स्टेनलेसचं काम घेतलंस तर ते चालणार नाही. क्लोराइडने स्टेनलेसवर सुईसारखी भोकं पडतात. सर्वसाधारण प्रथा ५० पीपीएमच्या आतल्या पाण्याची आहे. लॅबमधून पाणी तपासून घे, चाचणी झाली की लगेच काढ, वाळव. आणि पातळ पत्र्याच्या टाकीचं पाणी सोडताना वरचं तोंड आधी उघड, नाहीतर चाचणीत पास झालेली टाकी रिकामी होताना आत चेपेल.

"इन्स्पेक्टर येणार आहेत म्हणून टेस्ट घ्यायचीय," हेही म्हणालास. ऐकून वाईट वाटलं. निरीक्षक सही करून जाईल, भांड्याशेजारी दुसराच कोणी पंधरा वर्षं उभा राहणार आहे. २० मार्च १९०५ ला अमेरिकेतल्या ब्रॉकटन गावी बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला, ५८ माणसं गेली. मॅसॅच्युसेट्सने त्यानंतर बॉयलरचे नियम केले, आणि पुढच्या दहा वर्षांत एएसएमईचा पहिला बॉयलर कोड आला. तू ज्या चाचणीला 'फॉर्मॅलिटी' समजतोस, तिच्या मागे असे हिशेब आहेत. आपल्याकडे वाफेचं भांडं असेल तर बॉयलरचा कायदा लागतो. १९२३ चा जाऊन २०२५ चा आला. दाबाखालचा वायू साठवणारं हजार लिटरहून मोठं भांडं असेल तर नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोचे २०१६ चे नियम, हजारच्या आतली सिलिंडरं असतील तर गॅस सिलिंडरचे २०१६ चे. तुझ्या गाडीच्या सीएनजी टाकीचीही दर तीन वर्षांनी पाण्यानेच चाचणी होते. तिथे चाचणीची प्लेट नसेल तर पंपावर गॅस मिळत नाही म्हणून तू मुकाट जातोस. मग स्वतः बनवलेल्या भांड्याला टाळाटाळ का?

चाचणीच्या दिवशी कसं वागायचं, तेही ऐक. रंग लावण्याआधी चाचणी. रंग बारीक भोक झाकतो. निम्म्या दाबापर्यंत जा, थांब, बघ. मग दहाव्या हिश्शाच्या पायऱ्यांनी वर. पूर्ण दाबाला असताना कोणीही जवळ जायचं नाही, फ्लँजच्या आणि झाकणाच्या समोर तर मुळीच नाही. ड्रॉइंगवर लिहिली असतील तितकी मिनिटं धर. नंतर दाब १.३ ने भागून खाली आण, तुझ्या बाबतीत १०० बार, आणि मगच टॉर्च घेऊन वेल्ड न् वेल्ड बघ. गळती बोटाने चाचपायची नाही. त्या दाबाची सुईएवढी धार कातडीत घुसते आणि वरून जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, म्हणून माणूस घरी जातो आणि हात गमावतो. हातोडीने ठोकून बघायचं नाही. गळती सापडली तर दाब शून्यावर, मग दुरुस्ती.

आता घरी जा आणि एका पानावर हे लिही: कोड कोणता. चालायचा दाब आणि चाचणीचा दाब, एकाच एककात. भांड्याचं आकारमान. भरल्यानंतर ढकलायचं पाणी, मिलीमध्ये. ते किती मिनिटांत ढकलायचं. दिवसाला किती नग. धातू कोणता, पाणी कोणतं, धातूचं तापमान किती हवं. शेडमधला कॉम्प्रेसर दुपारी, सगळे ग्राइंडर चालू असताना, किती बार देतो. सकाळचा आकडा मला नको. हे सगळं भरल्यावर पंप कोणता ते पानच सांगेल, मला विचारायला यायची गरज उरणार नाही. माझा अंदाज आहे, तुझ्या आजच्या कामाला हातपंपच निघेल आणि बरेच पैसे वाचतील. त्यातले आधी दुसऱ्या गेजवर आणि कॅलिब्रेशनवर खर्च कर, नंतर चाचणीच्या जागेभोवती पोलादी आडोसा उभा कर. ते झाल्याशिवाय त्या भांड्यात एक बारही चढवायचा नाही.